वॉल टू वॉल कार्पेट घेताय? आधी त्या खोलीत कोण चालणार ते ठरवा

वॉल टू वॉल कार्पेट घातलेल्या खोलीचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. मऊ, एकरंगी जमीन, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. मध्ये कुठे फट नाही, कोपरा उघडा नाही. फोटोत सगळं छान दिसतं, कारण फोटोत पावसाळा नसतो. हातात वरणाची वाटी घेऊन कुणी चाललेलं नसतं. देवापुढे उदबत्ती लावलेली नसते. आणि मुख्य म्हणजे फोटोतल्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी केर काढायचा नसतो.

आपल्याकडे मात्र जमीन म्हणजे रोज झाडायची आणि ओल्या फडक्याने पुसायची गोष्ट. म्हणूनच 'कार्पेट घ्यावं का?' हा प्रश्न नुसता सजावटीचा राहत नाही. आमच्या घरात तर तो माझ्या आजीच्या पायांचा प्रश्न होता, आणि सहा वर्षांच्या भाच्याच्या नव्हे, पुतण्याच्या श्वासाचाही. दोघांची गरज एकमेकांच्या अगदी उलट. तेव्हा काय शिकायला मिळालं, ते आज तुम्हाला सांगते.

थंडी आणि मोजे

आम्ही मूळचे मिरजेचे, पण बाबांच्या नोकरीमुळे गेली बरीच वर्षं देहरादूनला राहतो. आजोबा गेल्यावर आजी आमच्याकडे आली. वय अठ्ठ्याहत्तर, वीस वर्षांचा मधुमेह. मिरजेच्या उन्हात आयुष्य काढलेल्या माणसाला इथली जानेवारी म्हणजे शिक्षाच. पहाटे पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि घरभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स.

आता टाइल एवढी गार का लागते? खोलीतल्या लाकडी स्टुलाचं आणि टाइलचं तापमान जवळपास सारखंच असतं. पण टाइल आपल्या तळव्यातली उष्णता भराभर ओढून घेते. कार्पेटच्या धाग्यांमध्ये हवा अडकलेली असते आणि हवा उष्णता सहज वाहून नेत नाही. म्हणून तेवढ्याच थंड खोलीत कार्पेट उबदार वाटतं. ते खोली गरम करत नाही, फक्त पायातली ऊब पायातच राहू देतं.

थंडीवर आजीचा उपाय म्हणजे लोकरीचे मोजे. आणि गुळगुळीत टाइलवर लोकरीचे मोजे म्हणजे घसरगुंडी. एका रात्री बाथरूमला जाताना ती घसरली. हाड मोडलं नाही, कमरेवर मोठा काळानिळा डाग मात्र आला. आम्ही सुटकेचा नि:श्वास टाकला. पण खरी गोष्ट आईच्या लक्षात आली ती पंधरा दिवसांनी. आजीने संध्याकाळी सहानंतर पाणी पिणंच बंद केलं होतं. का, तर रात्री उठायला नको.

"अगं, तहानच लागत नाही मला," ती आईला म्हणाली. पण तिचे ओठ सुकलेले असायचे.

पडण्याची भीती माणसाला अशी आतून आखडून टाकते. बाबा म्हणाले, "घरभर कार्पेट घालून टाकू. विषय संपला."

विषय संपला नाही, कारण दादाचा मुलगा. तो दिल्लीला असतो आणि प्रत्येक सुट्टीत आमच्याकडे येतो. त्याला दमा आहे आणि धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी तपासणीत निघालेली आहे. वहिनी फोनवर शांतपणे म्हणाली, "आई, कार्पेट घातलंत तर आम्हाला येता येणार नाही." त्यात राग नव्हता. पण तो मुलगा रात्री पणजीच्या कुशीत गोष्ट ऐकत झोपतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आधी हे समजून घ्या: कार्पेट कशाचं असतं?

दुकानात जाण्याआधी मी महिनाभर वाचत होते, विचारत होते. पहिला गोंधळ तिथेच दूर झाला. भदोहीचा हाताने गाठी मारून विणलेला गालिचा वेगळा आणि वॉल टू वॉल कार्पेट वेगळं. भदोहीच्या हातमाग गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तो गालिचा म्हणजे एक स्वतंत्र, उचलून नेता येणारी वस्तू. वॉल टू वॉल कार्पेट यंत्रावर बनतं, मोठ्या गुंडाळीतून कापून मिळतं आणि खोलीच्या मापाने जमिनीला पक्कं केलं जातं.

आजची बहुतेक कार्पेट 'टफ्टेड' असतात. म्हणजे शेकडो सुया एका कापडात धागा खुपसत जातात, मागून चिकट थर देऊन तो धागा पक्का केला जातो आणि त्यावर आणखी एक कापड चिकटवतात. धाग्याचे फेरे तसेच ठेवले तर 'लूप पाइल', वरून कापले तर 'कट पाइल'. कट पाइल मऊ आणि आलिशान लागतं, पण पावलांचे ठसे दिसतात. लूप पाइल थोडं कडक, पण जास्त चालणाऱ्या जागी टिकतं. मात्र घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर नखाने एक फेरा ओढला गेला की धागा उसवत जातो, हे ध्यानात ठेवा.

धाग्याचे मुख्य प्रकार चार:

नायलॉन: दाबलं तरी पुन्हा उभं राहतं. रोजच्या वापराला सगळ्यात टिकाऊ. डागांसाठी मात्र प्रक्रिया केलेलं घ्यावं लागतं.

पॉलिप्रॉपिलीन: पाणी जवळजवळ शोषत नाही आणि स्वस्त. पण लवकर दबतं, आणि तेलकट डाग धरून ठेवतं.

पॉलिएस्टर: रंग सुरेख, स्पर्श मऊ, पण वर्दळीच्या वाटेवर चपटं होतं.

लोकर: उबदार, टिकाऊ, आणि सहज पेट घेत नाही. महाग असते आणि कसर लागण्याची भीती असते.

आपल्या घरांसाठी एक गोष्ट खास महत्त्वाची. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं. उदबत्तीचा निखारा त्याहून कितीतरी गरम असतो. एक ठिणगी पडली की कायमचा कडक, काळा ठिपका. देवघर असलेल्या खोलीत कृत्रिम धाग्याचं कार्पेट नकोच, असं आमचं पहिल्याच दिवशी ठरलं.

दमा, दमटपणा आणि एक अवघड निर्णय

डॉक्टरांनी आम्हाला सोप्या शब्दांत समजावलं. माइट्स हे डोळ्यांना न दिसणारे जीव आपल्या त्वचेच्या झडलेल्या कणांवर जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा घेतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली ठेवली तर त्यांची वाढ रोखली जाते. देहरादूनला वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक जुलै-ऑगस्टमध्येच. त्या दिवसांत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. माइट्सची ॲलर्जी असलेल्या मुलाने झोपायच्या खोलीत कार्पेट टाळावं, हा सल्ला त्यांनी स्पष्ट दिला. मग आजीसाठी काय, असं विचारलं तर म्हणाले, "आजींची खोली वेगळी आहे ना?"

तिथून आमच्या डोक्यात प्रकाश पडला. वॉल टू वॉल म्हणजे एका खोलीतल्या चार भिंती. अख्खं घर नव्हे.

मग आम्ही घराचा नकाशा काढला आणि प्रत्येक खोलीसमोर लिहिलं: इथे कोण चालतं, कोण झोपतं, काय सांडतं, ऊन येतं का. स्वयंपाकघर बाद. हॉल बाद, कारण तिथे देव्हारा आणि जेवणाचं टेबल. पुतणा झोपतो ती खोली अर्थातच बाद. उरली आजीची खोली. दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडे खिडकी, सकाळी भरपूर ऊन. भिंतीला ओल नाही.

तुमच्याकडे तळमजला असेल तर आधी जमिनीतली ओल तपासा. दीड-दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट लावा आणि एक दिवस तसाच राहू द्या. खाली थेंब दिसले किंवा जमीन काळपट झाली तर कार्पेटचा विचार सोडून द्या. ही तपासणी सिमेंटच्या उघड्या जमिनीवर नीट कळते. टाइल्स असतील तर सांध्यांवर लावून बघा.

राहता राहिली पणजीच्या कुशीतली झोप. तिला पर्याय नव्हता. दिवसा त्याने तिच्या खोलीत थोडा वेळ खेळायचं, पण रात्री तिथे झोपायचं नाही. हे आजीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग नको ते कार्पेट. मी मोजे काढून चालेन."

तिला काय उत्तर द्यावं, मला सुचेना. तेवढ्यात दिल्लीहून वहिनीनेच तिला फोन केला. "आजी, तुम्ही पडलात तर तो कुणाच्या कुशीत झोपणार? गोष्ट हॉलमध्ये सांगा. झोपायला तो आमच्याकडे येईल." आजीने मान डोलावली. पण तो होकार तिच्यासाठी सोपा नव्हता, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कार्पेटची किंमत म्हणजे फक्त चौरस फुटाचा भाव नसतो.

दुकानात काय विचारायचं?

पहिल्या दुकानात आम्हाला जाड, पाय रुतेल असं कट पाइल दाखवलं. "माताजी बादलांवर चालतील," दुकानदार म्हणाला. आजीसारख्या माणसाला नेमकं तेच नको असतं. पाय रुतला की तोल जातो आणि वॉकरची चाकंही अडतात. वयस्कर व्यक्तीसाठी कार्पेट कमी उंचीचं, घट्ट विणीचं आणि पायाखाली ठाम वाटणारं हवं. रंग एकच हवा, भिंतीपेक्षा वेगळा उठून दिसणारा. फार नक्षी असली तर कमजोर नजरेला जमीन कुठे उंच, कुठे सखल आहे असा भास होतो.

आणि एक छोटी सतरंजी टाकली तर चालणार नाही का, असा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. सुटी सतरंजी किंवा पायपुसणं हेच म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याचं एक मोठं कारण. कडा वळते, खालून सरकते. खोलीभर पक्कं बसवलेल्या कार्पेटला मध्ये कडाच नसते, हा त्याचा खरा फायदा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट बसवण्याच्या पद्धतीची. एका पद्धतीत भिंतीलगत लाकडी पट्ट्या ठोकतात. त्यांना तिरप्या टोकदार पिना असतात. कार्पेट ताणून त्या पिनांवर अडकवतात, खाली मऊ अंडरले असतो. ताण छान बसतो, सुरकुत्या पडत नाहीत. पण आजीच्या तळव्यांना मधुमेहामुळे बधिरपणा आला आहे. तिला काटा रुतला तरी कळत नाही. भिंतीलगतची एखादी पीन वर आली, पायात शिरली आणि दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर काय होऊ शकतं हे मधुमेही माणसाच्या घरच्यांना सांगायला नको. आम्ही दुकानदाराला स्पष्ट सांगितलं: पिना नकोत, खिळे नकोत, स्टेपल नकोत. मागे फेल्टचा थर असलेलं लूप पाइल नायलॉन निवडलं आणि नंतर काढता येईल अशा गोंदाने ते टाइल्सवर बसवून घेतलं. बसवून झाल्यावर मी आणि बाबांनी गुडघ्यांवर बसून भिंतीलगतची सगळी कड हाताने चाचपून पाहिली.

मापाचंही सांगते. गुंडाळीची रुंदी बहुतेक १२ फूट किंवा ४ मीटर, म्हणजे साधारण १३ फूट असते. आमची खोली १२ बाय १४. चौरस फूट १६८ झाले म्हणून १६८ चौरस फूट कार्पेट मागवलं, असं करून चालत नाही. भिंती कधीच काटकोनात नसतात, दोन्ही बाजूंना तीन-चार इंच जास्त लागतं. म्हणून १२ फुटी गुंडाळी आम्हाला अपुरी पडली असती. ४ मीटर रुंदीची घेतली आणि जोड टळला. तुमच्या खोलीत जोड द्यावाच लागणार असेल तर तो दरवाजातून पलंगाकडे जायच्या वाटेवर येऊ देऊ नका. दोन्ही तुकड्यांच्या धाग्यांची दिशा एकच आहे ना, तेही पाहा. नाहीतर एकाच रंगाचे दोन तुकडे दोन रंगांचे दिसतात.

आणखी दोन गोष्टी. दरवाजा खालून थोडा तासावा लागतो, त्यासाठी सुताराला आधीच सांगून ठेवा. आणि नव्या कार्पेटला वास येतो. खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन दिवस खोली रिकामी ठेवा. आजी तीन रात्री हॉलमध्ये झोपली.

पाण्याशिवाय स्वच्छ कसं?

आजीचा सगळ्यात मोठा आक्षेप हा होता. लहानपणी तिने शेणाने सारवलेली जमीन पाहिलेली, मग शहाबादी फरशी, मग मोझॅक. "जी जमीन पुसता येत नाही ती जमीन कसली गं?" ती म्हणायची.

आठवड्यातून दोनदा मी व्हॅक्यूम क्लीनर फिरवते. हेपा फिल्टर असलेला घ्या. हा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या मशिनमधून बारीक धूळ मागून पुन्हा खोलीत येते. पहिल्यांदा मशीन फिरवल्यावर मी मोठ्या अभिमानाने आजीला आतली राखाडी धूळ दाखवली. ती चष्मा सावरून म्हणाली, "एवढी धूळ मी पायाखाली घेऊन बसले होते, हे बघून मला बरं वाटायला हवं का?"

तिचं म्हणणं खरं आहे. कार्पेट धूळ लपवतं. टाइलवर धूळ दिसते म्हणून आपण पुसतो. कार्पेटवर दिसत नाही म्हणून वेळापत्रकच लागतं. ते पाळणं तुमच्या घरात जमणार नसेल तर घेऊ नका, इतकं साधं आहे.

सांडलं तर? घासू नका. कोरडं सुती फडकं दाबून धरा आणि बाहेरून आत टिपत या. घासल्याने डाग पसरतो आणि धागा विस्कटतो. आपल्या स्वयंपाकातला पक्का शत्रू म्हणजे हळद. हळदीतल्या रंगद्रव्यावर सोडा किंवा कपड्यांचा साबण पडला की पिवळा डाग लाल होतो, कुंकू बनतं ते याच गुणामुळे. म्हणून आधी फक्त गार पाण्याने टिपा. राहिलेला पिवळेपणा उन्हाने हळूहळू फिका होतो. खिडकीचं ऊन तिथे जास्त कामाला येतं.

भरपूर पाणी सांडलं तर मात्र घाई करा. २४ ते ४८ तासांत कार्पेट पूर्ण वाळलं नाही तर बुरशी धरते. पंखा, खिडक्या, गरज पडली तर एक कड उचलून खालूनही वारा. म्हणूनच बाथरूममधून ओल्या पायांनी बाहेर यायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. बाथरूमच्या आतच एक पक्कं स्टूल ठेवलं आहे. आजी त्यावर बसून पाय पुसते. पाय पुसता पुसता तळवेही बघून घेते, जखम आहे का ते. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोज करावी अशी ही सवय आहे.

पावसाळ्यात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र खोलीत टांगलं आहे. आकडा वर गेला की एसीचा ड्राय मोड लावतो. वीजबिल वाढतं. तोही खर्च हिशेबात धरा.

मग घ्यावं की नाही?

तुम्ही मुंबई, कोकण, गोवा किंवा केरळसारख्या दमट भागात राहत असाल, घरात दम्याचा रुग्ण असेल, किंवा केर-फडक्यावरच सगळी भिस्त असेल, तर माझं प्रामाणिक मत 'नको' असं आहे. सिमला, देहरादून, दिल्लीच्या थंडीत, कोरड्या आणि उन्हाच्या खोलीत, ज्याला खरंच गरज आहे अशा माणसासाठी, एका खोलीत घालायला हरकत नाही. घरभर मात्र नाही.

आमच्याकडे दोन पावसाळे झाले. आजी पुन्हा पडलेली नाही. ती रात्री नऊ वाजता भांडंभर पाणी पिते, मध्यरात्री उठते, भिंतीला हात लावत जाऊन येते. कधी कधी मला जाग येते, पण तिच्या पावलांचा आवाज येत नाही. फक्त दिव्याचं बटण वाजतं आणि थोड्या वेळाने पुन्हा वाजतं.

सुट्टीत पुतणा येतो तेव्हा गोष्ट हॉलमधल्या सोफ्यावर होते. गोष्ट संपता संपता तो पेंगतो आणि दादा त्याला उचलून नेतो. आजी रिकाम्या मांडीकडे क्षणभर बघते, मग काठी घेऊन उठते. उंबऱ्यापाशी ती नेहमी थांबते. टाइल संपते आणि कार्पेट सुरू होतं तिथे पाय नीट टेकवते आणि मग आत जाते.

तुमच्या घरातही अशी एखादी व्यक्ती असेल, तर नमुन्याचं पुस्तक उघडण्याआधी तिला एकच प्रश्न विचारा: "रात्री उठायची भीती वाटते का?" ती लगेच खरं सांगणार नाही. संध्याकाळी ती किती पाणी पिते, ते बघा.